पायावरची कौलं

काबरी वरच्या दांडीवर चढेनाशी झाली, तेव्हा घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही. दिवेलागणीला बाकीच्या कोंबड्या खुराड्यात शिरून, एकमेकींना ढकलत वरची जागा धरायच्या आणि काबरी खाली तुसातच बसून राहायची. सासूबाई म्हणाल्या, "म्हातारी झाली गो ती. सा वरसांची हाय." मीही मान डोलावली. तिचे पाय पांढुरके, जाड, पुटं चढल्यासारखे झालेले मला रोज दिसत होते. पण म्हातारीचे पाय असेच असायचे, असं धरून मी दाणे टाकत राहिले. असं धरून चालण्यात निदान चार महिने गेले, हे मला अजून सलतं.

आमचं घर घणसोलीच्या गावठाणात आहे. १९७० नंतर सिडकोनं जमिनी घेतल्या, शेतं आणि मिठागरं गेली, गावठाण तेवढं उरलं. आता परसाच्या तिन्ही बाजूंना चार-चार मजल्यांच्या भिंती आहेत. मधल्या दहा बाय बारा फुटांत एक शेवगा, एक धुण्याचा दगड आणि खुराडं. पाच कोंबड्या, एक कोंबडा. सासूबाई लग्न होऊन आल्यापासून या घरात कोंबड्या नाहीत असं एकही वर्ष गेलेलं नाही. मी जुन्नरकडची. माझ्या माहेरीही रात्री डालग्याखाली कोंबड्या झाकायचो, त्यामुळे इथे आल्यावर पहाटेच्या आरवण्यानंच मला पहिल्यांदा घरच्यासारखं वाटलं होतं. वाशीच्या नोकरीवरून परतले की चहाआधी मी परसात जाते.

पाय पहिल्यांदा नीट बघितले ते माझ्या नववीतल्या लेकीनं. काबरीला मांडीवर घेऊन बसली होती. म्हणाली, "आई, हिच्या पायाची कौलं उचकटलीत बघ." आमच्या पडवीवर अजून मंगलोरी कौलं आहेत. दर मे महिन्यात शाकारणीला ती सगळी एकेक करून बघावी लागतात, त्यामुळे तिला तीच उपमा सुचली. आणि ती अगदी नेमकी होती. निरोगी कोंबडीच्या पायावर खवले कौलांसारखेच एकावर एक चपखल बसलेले असतात. नख खालून वर फिरवलं तरी कुठे अडकत नाही. काबरीच्या पायावर नख जागोजागी अडकत होतं. प्रत्येक खवला खालून कुणीतरी उचलून धरल्यासारखा उभा राहिला होता आणि फटींतून चुन्याच्या भुकटीसारखं काहीतरी झडत होतं. बोटांच्या सांध्यांवर तर पुटं एवढी जाड होती की तिला बोटं वळवताच येत नव्हती. मग दांडी धरणार कशी?

मी बाकीच्यांचे पाय बघितले. तांबडीच्या डाव्या पायावर तीन-चार खवले उठलेले. दोघींचे पाय स्वच्छ. एकीचे पाय फिके होते आणि मला धसका बसला, पण ते वेगळं कारण निघालं. पिवळ्या पायांची कोंबडी सतत अंडी देत असली की पायातला पिवळा रंग हळूहळू उतरतो, कारण खाण्यातून मिळणारा तो रंग अंड्याच्या बलकात जातो. अंडी थांबली की रंग परत भरतो. म्हणजे पाय फिका पडला तर घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते खवले उठले तर. हा फरक मला माहीत असता तर मी काबरीकडे शिमग्याच्याही आधी लक्ष दिलं असतं.

शेवटी कोंबडा. तो गेल्या आषाढात आणलेला, गटारीसाठी. पण तुरा असा लालभडक आणि शेपटीची पिसं अशी हिरवी-निळी झळकणारी की सासऱ्यांनी त्याच्यावर सुरी चालवू दिली नाही. त्याचे पाय पहिल्यापासूनच बूट घातल्यासारखे जाड होते. आम्ही त्याचं कौतुक करायचो, "काय भक्कम पाय आहेत!" आता लेकीनं त्याला धरलं, मी पाय उलटून बघितला आणि दोघी गप्प झालो. दांडीवर चढेनाशी होईपर्यंत काबरी त्याच्याच बाजूला झोपत होती.

मग गावात जे होतं ते झालं. परसातून परसात बातमी गेली आणि उपाय आले. एका काकांनी जुन्या डब्यातलं रॉकेल आणून दिलं. त्यांचे वडील कोंबडीचे पाय रॉकेलात बुडवायचे, आठ दिवसांत साफ. त्यांच्या मनात कळकळच होती आणि त्यांनी सांगितलेलं खोटंही नव्हतं, पूर्वी बरेच जण तसं करत. मी काबरीचा एक पाय बुडवला. तिनं जो आवाज काढला तो ऐकून सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या. दुसऱ्या दिवशी पायाची कातडी लाल होऊन सोलली होती, वर दोन ठिकाणी फोड. खालची कातडी आधीच पोखरलेली, त्यावर रॉकेल. दुसरी चूक त्याच संध्याकाळी. एक खवला इतका सुटल्यासारखा दिसत होता की मी चिमटीत धरून ओढला. तो सुटलेला नव्हता. रक्ताचा थेंब आला आणि काबरीनं मान माझ्या कोपरात खुपसली. या दोन चुका मी इथे मुद्दाम लिहिते आहे. वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हातून त्या होऊ नयेत.

दोन दवाखान्यांत "आम्ही कुत्री-मांजरंच बघतो" असं ऐकल्यावर तिसऱ्या ठिकाणी एक तरुण डॉक्टरीणबाई भेटल्या. काबरीला भाजीच्या टोपलीत घालून, वर ओढणी बांधून रिक्षानं नेलं होतं. त्यांनी तिला टेबलावर घेतलं, पायाच्या पुटाचा एक कपचा बोथट पात्यानं खरवडला, काचेवर कसल्याशा द्रावणात भिजवला, थोडा वेळ थांबल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून म्हणाल्या, "या, बघा."

मला वाटलं होतं, उवेसारखं काहीतरी लांबट, वळवळणारं दिसेल. दिसलं ते गोल होतं. वरून बघितलेल्या कासवासारखं गोलमटोल शरीर आणि कडेला आखूड खुंटांसारखे पाय. आठ पाय, म्हणजे हा किडा नव्हे. गोचीड आणि कोळी ज्या कुळातले, त्याच कुळातला. आकार फार तर अर्धा मिलिमीटर. नाव क्नेमिडोकॉप्टिस म्युटन्स. डॉक्टरांनी सांगितलं की ग्रीकमध्ये 'क्नेमिस' म्हणजे योद्ध्याच्या नडगीवरचं चिलखत आणि 'कोप्टाइन' म्हणजे कापणं. चिलखत कापणारा. माणसाला होणाऱ्या खरजेचा जीव याच्याच नात्यातला, पण हा माणसाला धरत नाही, तो पक्ष्यांचाच. लव्हबर्डसारख्या छोट्या पोपटांना याचाच भाऊबंद चोचीभोवती धरतो आणि चोच मधाच्या पोळ्यासारखी छिद्राछिद्रांची होते, असंही त्या म्हणाल्या. आमच्या गल्लीत दोन घरी पिंजरे आहेत. मी घरी आल्यावर आधी त्यांना सांगून आले.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी. कोंबड्यांचा दुसरा एक रक्त पिणारा तांबडा जीव असतो, तो दिवसभर खुराड्याच्या भेगांत लपतो आणि रात्री अंगावर चढतो. त्याच्यासाठी खुराडं धुवावं लागतं. हा तसा नव्हे. हा सगळा जन्म कोंबडीच्या पायावरच काढतो. खवल्याखाली बोगदा करतो, तिथेच खातो, तिथेच त्याची पोरं वाढतात, दोन-तीन आठवड्यांत पुढची पिढी तयार. तो पोखरतो आणि पाय स्वतःला वाचवायला कातडीचे थर घालत जातो. जे जाड पूट आपल्याला रोग म्हणून दिसतं, ते बरंचसं पायानंच घातलेलं असतं. सासूबाई खुराड्याच्या कोपऱ्यात चुलीची राख टाकतात, कोंबड्या तीत लोळतात, उवा घालवायला ती चांगली. पण राख कौलांवर पडते, हा कौलांखाली राहतो.

उपाय साधा होता आणि चिवट होता. कोमट पाण्यात थोडा साबण, त्यात पाय पाच-दहा मिनिटं भिजवायचे. जुन्या मऊ ब्रशनं वरून खाली, खवल्यांच्या दिशेनंच, हलक्या हातानं घासायचं. जे आपणहून निघेल तेवढंच निघू द्यायचं. पूर्ण कोरडं करायचं. मग व्हॅसलिनचा जाड थर, घोट्यापासून नखांपर्यंत, प्रत्येक फटीत. व्हॅसलिन विषासारखं काम करत नाही, त्या जिवाचा श्वास कोंडून त्याला मारतं. खोबरेलही चालतं, पण आमच्याकडच्या उकाड्यात ते तासाभरात ओघळून जातं. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, एकूण दोन महिने तरी. मध्येच पाय बरे दिसायला लागतात आणि माणूस थांबतो, तिथेच तो जीव परत उठतो.

औषधही आहे, आयव्हरमेक्टिन. त्याचा शोध जपानातल्या मातीत सापडलेल्या एका जिवाणूपासून लागला आणि त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं. डॉक्टरांनी ते फक्त कोंबड्याला दिलं, वजन करून, थेंब मोजून. अंडी देणाऱ्या कोंबडीला दिलं तर अंड्यात उतरतं, मग डॉक्टर सांगतील तितके दिवस अंडी खायची नाहीत. दुकानातून बाटली आणून अंदाजानं पाजण्याचं हे औषध नाही, हे त्यांनी तीन वेळा सांगितलं.

आमची पद्धत हळूहळू बसली. संध्याकाळी सातनंतर, अंधार पडल्यावर कोंबडी शांत असते, हे सासूबाईंना कुणी सांगावं लागलं नाही. त्या धुण्याच्या दगडावर बसायच्या, कोंबडी जुन्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर घ्यायच्या, डोकं झाकायच्या, पाय बाहेर. लेक मोबाइलचा उजेड धरायची. मी ब्रश घेऊन खाली पाटावर. तोवर मला कोंबडीचा पाय म्हणजे काय हेच ठाऊक नव्हतं. आपण ज्याला तिचा मागे वळणारा गुडघा म्हणतो, तो तिचा घोटा. खरा गुडघा पिसांत लपलेला. म्हणजे कोंबडी जन्मभर चवड्यांवर चालते. आणि खवले, ते आपल्या नखांच्याच द्रव्याचे. काबरीच्या भाजलेल्या पायाला पहिला आठवडा साबणही लावला नाही, नुसतं कोमट पाणी आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम. तरी तो पाय पाण्यात घातला की ती डोळे मिटायची. दुसऱ्या आठवड्यात एका बोटावरचं पूट सबंध टोपणासारखं निघून पाण्यात तरंगलं. आत टोपणाला खवल्यांचा ठसा होता, आणि खाली कोवळी, ओलसर, गुलाबी-पिवळी कातडी. त्या बोटाचं नख मात्र गेलं ते गेलंच.

खुराड्यातली जुनी बांबूची दांडी काढली. बांबूच्या पेरांत आणि फटींत गळलेले कपचे अडकतात, आणि त्यातून लागण पुढे सरकते. सासऱ्यांनी रंधा मारून सागाची गुळगुळीत पट्टी बसवली, खालच्या उंचीवर. तूस सगळं बदललं.

खरी अडचण तांबडी होती. ती खुडूक बसली होती. सासूबाईंनी तिच्याखाली सात अंडी ठेवली होती आणि कालनिर्णयवर एकविसावा दिवस गोल करून ठेवला होता. पाय बघितले तो नववा दिवस. व्हॅसलिन लावावं तर ते अंड्यांना लागणार. अंड्याचं कवच सच्छिद्र असतं, आतलं पिल्लू त्या छिद्रांतून श्वास घेतं. ज्या युक्तीनं पायातला जीव कोंडतो, त्याच युक्तीनं अंड्यातलाही कोंडेल. न लावावं तर पिल्लं फुटल्याबरोबर त्याच पायांजवळ, त्याच पोटाखाली राहणार. मी रात्रभर या हिशेबात होते. मी म्हणत होते अंडी सोडून देऊ. सासूबाईंनी ऐकलं नाही. "नऊ दिस ती उपाशी बसलीय," एवढंच म्हणाल्या.

मग त्यांनीच वाट काढली. रवणावरची, म्हणजे अंडी उबवणारी कोंबडी दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं, खायला-प्यायला उठते. तेवढ्या वेळात एक दिवसाआड त्या तिचे पाय कोमट पाण्यानं धुवायच्या, ब्रश फिरवायच्या, फडक्यानं खडखडीत कोरडे करून सोडायच्या. तेल नाही, काही नाही. तो जीव त्यानं मरणार नव्हता, पण झडणारा भुगा तरी घरट्यात जाणार नव्हता. मी डॉक्टरांना फोनवर विचारलं, त्या म्हणाल्या, चालेल. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं फुटली, दोन अंडी मुकी राहिली. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी तांबडीच्या पायांना पहिलं व्हॅसलिन लागलं, आणि त्यानंतर आम्ही पिल्लांचे पाय दर रविवारी भिंगाखाली बघतो. काडेपेटीतल्या काडीएवढे पाय, त्यावर रेघ मारल्यासारखे खवले. आजवर एकही उठलेला नाही.

आता जे सांगते ते कोंबड्यांचं नाही, पण त्या दगडावर बसूनच घडलं. मी रोज खाली पाटावर, माझे डोळे सासूबाईंच्या पावलांच्या उंचीवर. वीस वर्षं मी त्यांच्या पाया पडते आहे, पण पावलं कधी बघितली नव्हती. लहानपणी त्या आईबरोबर मिठागरात उतरायच्या, पायांना मिठाचं पाणी लागून भेगा पडायच्या, असं त्या सांगतात, आणि टाचांच्या भेगा आम्ही सगळ्यांनी त्याच खात्यावर जमा केल्या होत्या. त्या संध्याकाळी लेकीच्या हातातला उजेड जरा हलला आणि मला त्यांच्या उजव्या टाचेत काहीतरी काळं दिसलं. शेवग्याच्या वाळक्या फांदीची चिपळी, बोटाच्या पेराएवढी, आत रुतलेली. कडेनं पिवळट झालेलं. मी विचारलं, "आई, हे दुखत नाही?" त्या म्हणाल्या, "काय?"

त्यांना ठाऊकच नव्हतं. टाचेला काही लागलेलं कळतच नव्हतं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो, साखर तपासली, ती बरीच वाढलेली निघाली. पायांच्या नसा बधिर व्हायला लागल्या होत्या. किती दिवसांपासून, याचं उत्तर कुणाकडे नव्हतं. चालताना तोल जातो, चप्पल पायातून निसटून जाते, हे त्या वर्षभर म्हणत होत्या आणि आम्ही म्हणत होतो, वय झालं. अगदी तेच शब्द, जे आम्ही काबरीबद्दल म्हणत होतो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जखम भरायला पाच आठवडे लागले. आता गोळ्या चालू आहेत, घरातही चपला आहेत, आणि रोज रात्री लेक आजीची पावलं हातात घेऊन तळवे बघते, बोटांच्या बेचक्या बघते. पहिले काही दिवस त्या फार संकोचल्या. नातीनं आपले पाय धरायचे म्हणजे काय! मग एकदा स्वतःच टॉवेल अंथरून बसल्या आणि म्हणाल्या, "काबरीचं झालं का? मग माझा घे."

काबरीचे पाय आता सरळ झालेत. खवले पूर्ण बसायला वर्षही लागेल, जुने गळून नवे यायला हवेत, असं डॉक्टर म्हणाल्या. भाजलेल्या पायावर एक पट्टा तसाच गुळगुळीत राहिला आहे, तिथे खवला येईलसं वाटत नाही. ती खालच्या सागाच्या पट्टीवर झोपते. कोंबड्याचे बूट निघाले आणि आतून त्याचे पाय निघाले ते चांगलेच बारीक.

गेल्या आठवड्यात शहापूरकडच्या नातेवाइकांनी दोन तलंगा, म्हणजे कोवळ्या कोंबड्या, आणून दिल्या. ते पडवीत चहा घेत होते. सासूबाईंनी पिशवीतून पहिली तलंग बाहेर काढली, पाय धरून उलटी केली आणि लेकीला हाक मारली, "बत्ती आन गो." मग एकेक पाय, एकेक बोट, खालून वर नख फिरवत. पाहुणे जरा गोंधळले, म्हणाले, "मावशी, घरच्याच आहेत, निरोगी आहेत." सासूबाई काही बोलल्या नाहीत. दोन्ही तलंगा तपासून त्यांनी पडवीच्या कोपऱ्यात डालग्याखाली ठेवल्या, खुराड्यापासून लांब. मग भिंतीवरच्या कालनिर्णयपाशी गेल्या, बोटानं दिवस मोजले आणि एकविसाव्यावर गोल केला.